आतून रंगवलेला चेहरा

इल्फर्ड,
सोमवार, १९ मार्च २००७

प्रिय शशी,

हे पत्र तुझ्या लॅबच्या पत्त्यावर पाठवते आहे, तू सांगून ठेवलं आहेस तसं. खरं तर फोनच करणार होते. पण घरी फोन केला की तू हळू आवाजात "आई झोपली आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. ही गोष्ट हळू आवाजात बोलण्यासारखी नाही.

शनिवारी पोस्टमनने एक छोटं पार्सल दिलं. चीनचे स्टॅम्प. वर नाव तुझ्या दादाचं, पत्ता आमच्या घराचा. ह्यांना जाऊन दीड वर्ष होत आलं, तरी ह्यांच्या नावाने काही ना काही येतच असतं. लिफ्ट कंपनीचे पेन्शनचे कागद, चष्म्याच्या दुकानाचं कार्ड. मला वाटलं तसलंच काहीतरी असेल. उभ्या उभ्या उघडलं.

आत कापसात गुंडाळलेली काचेची चपटी बाटली निघाली, काडेपेटीहून जराशी मोठी. लाल दगडाचं झाकण, झाकणाला आतून इवलासा चमचा. काचेवर काहीतरी रंगवलेलं दिसलं म्हणून खिडकीशी नेली, आणि तुझ्या दादाने माझ्याकडे पाहिलं.

मी ओरडले नाही. बाटली ओट्यावर ठेवली, तिच्यावर वाटी उपडी घातली, आणि तशीच अनवाणी बाहेर जाऊन पुढच्या भिंतीवर बसून राहिले. समोरच्या मिसेस अख्तरने विचारलं, किल्ली आत राहिली का. मी हो म्हटलं.

दुपारी धीर करून वाटी उचलली. हेच होते. भुवईतली ती तुटकी जागा, मिशा, आईंनी विणलेला मरून स्वेटर. बोट फिरवलं तर काच गुळगुळीत लागली. रंग बाहेर नव्हताच. माणूस आत होता.

मग लायब्ररीत गेले. काही कळेनासं झालं की मी तिथेच जाते, शाळेच्या जेवणघरात नोकरी करत होते तेव्हापासूनची सवय. चिनी कलेवरचं एक जाड पुस्तक मिळालं. ही तपकिरीची बाटली आहे. काच आतून घासून खरखरीत करतात, म्हणजे रंग धरतो. मग टोकाशी वाकवलेला बारीक कुंचला तोंडातून आत घालतात आणि आतल्या बाजूला चित्र काढतात. सगळं उलट्या क्रमाने. आपण बाईचं चित्र काढलं तर आधी चेहरा काढू, मग त्यावर कुंकू. इथे आधी कुंकू काढायचं, मग त्याच्या मागे कपाळ.

पुस्तक म्हणतं, ह्या बाटल्यांवर कुठलंच चित्र नुसतं शोभेसाठी नसतं. जोडीने पोहणारी बदकं म्हणजे नवराबायकोची निष्ठा. पीचचं फळ म्हणजे दीर्घायुष्य, करकोचाही तेच. फुटलेलं डाळिंब म्हणजे घरभर मुलं. ह्यांच्या बाटलीवर ह्यातलं काही नाही. मागच्या अंगाला दोन कावळे आहेत, बिनपानांच्या फांदीवर. लहान कावळा मोठ्याच्या चोचीत काहीतरी घालतो आहे. शेजारी चिनी अक्षरांची उभी ओळ. कावळा त्या पुस्तकात मिळाला नाही. आपला कावळा मला माहीत आहे. दहाव्याला आम्ही व्हॅलेंटाइन्स पार्कात भात ठेवला होता आणि कावळ्याच्या आधी खार आली, तेव्हा हाउन्स्लोचे गुरुजी म्हणाले होते, इथे चालतं. तू तोवर नॉटिंगहॅमला परत गेली होतीस.

शशी, हे कोणाचं काम? ह्यांनी जाण्याआधी सांगून ठेवलं असेल असं वाटत नाही, ह्यांना चीनचं काही नव्हतं. स्वेटरमधला तो फोटो माझ्याकडे नाही. तो तुमच्या स्वयंपाकघरात काढलेला आहे.

अजून एक. ही बाटली मला आईंच्या शेजारी बसून बघायची आहे. ह्यांच्यावर माझ्याइतकं रडण्याचा हक्क जगात त्यांनाच आहे, आणि आम्ही दोघी एकदाही एकमेकींसमोर रडलो नाही. "सुनेत्राचं मोकळं कपाळ मला बघवणार नाही, तिला येऊ नको म्हणावं," असं त्या म्हणाल्याचं तू सांगितलंस. मी ते वाक्य दीड वर्ष मानलं. आता एकदा पुन्हा विचार त्यांना.

सुनेत्रावहिनी


नॉटिंगहॅम,
शुक्रवार, २३ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र कॅन्टीनमध्ये वाचलं आणि पुढचा चहा तसाच गार झाला. सॉरी. ते पार्सल तुमच्याकडे यायलाच नको होतं.

बाटली मी करवून घेतली. लॅबमध्ये माझ्या शिफ्टला लिन म्हणून आहे, तिचे काका चीनमध्ये हेच काम करतात, फोटोवरून चेहरे काढतात. ती त्यांच्या न्यू इयरला घरी निघाली तेव्हा मी दादाचा फोटो दिला. दादाची सवय तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक फोटोच्या पाठीमागे स्वतःचं नाव आणि पत्ता, पोस्टकोडसकट, जणू काही फोटो बसमध्ये विसरणार आहे. काकांना वाटलं, पार्सल तिथेच पाठवायचं.

एप्रिलच्या एकवीसला आईला चौऱ्याऐंशी पूर्ण होतात. तेव्हा तिच्या हातात द्यायची होती. जीपी डॉक्टरने तीनदा सांगूनही तिची तपकीर सुटलेली नाही. त्याच्यासमोर डबी पदराखाली लपवते आणि तो गेला की दोन चिमट्या जास्त ओढते. म्हणून तपकिरीची बाटली.

कावळ्यांचं मनावर घेऊ नका. मीही लिनला विचारलं. त्यांच्याकडे म्हणे कावळ्याची आई म्हातारी होऊन उडेनाशी झाली की पिल्लू तिला भरवतं. आईचे उपकार जाणणारा मुलगा दाखवायचा तर कावळा काढतात. काकांनी विचारलं, भेट कोणाकडून कोणाला. लिन म्हणाली, मुलाकडून आईला. म्हणून त्यांनी आपण होऊन ते काढलं.

बाटली नीट गुंडाळून रेकॉर्डेड पोस्टने लॅबच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको. अकराला पोस्ट येतं तेव्हा आई एकटीच असते. आणि भेटण्याचं म्हणाल तर मी विचारलं तिला. अजून नको, वहिनी. थोडं थांबा.

तुमची,
शशी


इल्फर्ड,
शुक्रवार, ३० मार्च

प्रिय शशी,

बाटली अजून माझ्याकडे आहे.

तुझं पत्र वाचून मन जरा स्थिर झालं होतं. मग एक वाक्य टोचायला लागलं. भेट तू देते आहेस. बहीण आपल्या आईला भावाची आठवण देते आहे. मग "मुलाकडून आईला" हे कुठून आलं? म्हटलं, लिनच्या सांगण्यात गडबड झाली असेल.

तरी बाटली पिशवीत घालून चिप्सच्या दुकानात गेले. दुकान मिसेस वाँगचं आहे, ती हाँगकाँगची. गर्दी ओसरेपर्यंत थांबले. तिने हात पुसले, चष्मा लावला, बाटली दिव्याखाली धरली आणि ती उभी ओळ मला इंग्रजीत सांगितली. आईच्या चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाला, दूरदेशी राहणारा मुलगा वाकून नमस्कार करतो. वसंत ऋतू, २००७.

मग ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, आई भाग्यवान आहे, मुलगा कामासाठी बाहेर आहे का?

मी चिप्स न घेताच निघाले.

शशी, २००७ च्या वसंतात कोण दूरदेशी राहतं आहे? २००५ च्या ऑक्टोबरात स्टेशनच्या जिन्यावर जो माणूस पडला त्याला मी ओळखलं, त्याच्या अंगावरचा कोट मी घरी आणला. तो वाकून नमस्कार करत नाही.

तू आईंना सांगितलं आहेस ना? हो किंवा नाही लिही. बाकी काही लिहू नकोस.

सुनेत्रा


नॉटिंगहॅम,
बुधवार, ४ एप्रिल

वहिनी,

नाही.

बाकी काही लिहू नकोस म्हणालात, पण लिहिते. नाहीतर तुम्ही मला राक्षस समजाल.

तुमचा फोन आला त्या मंगळवारी आई कार्डिॲक वॉर्डात होती, अंगभर नळ्या. हार्ट अटॅकला चारच दिवस झाले होते. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि कन्सल्टंटला विचारलं. तो म्हणाला, आत्ता नको, काही आठवडे जाऊ द्या. वॉर्डात गेले तर आईने विचारलं, पदू कसा आला नाही? आणि माझ्या तोंडून निघालं, कंपनीने अचानक चीनला पाठवलं. मी ठरवलं नव्हतं. शांघायला उंच इमारती होताहेत, लिफ्ट लागतात, असं आदल्या दिवशी कुठेतरी वाचलं होतं. आईचा चेहरा फुलला. तिने सगळ्या नर्सना सांगितलं, माय सन, चायना.

मग ती घरी आली. मग पेसमेकर. मग हिवाळा, मग छाती भरली. कुठल्या दिवशी सांगायचं होतं, तुम्हीच सांगा. दर पंधरवड्याला मी दादाचं पत्र लिहिते आणि तिला वाचून दाखवते, तिला बारीक अक्षर दिसत नाही. तुम्हीही तिथेच आहात. तुम्ही बाल्कनीत कोथिंबीर लावली आहे. बाजारात खेकडे जिवंत मिळतात म्हणून तुम्ही कंटाळला आहात. आई हसते त्याला. चीनहून मुलगा काही पाठवत कसा नाही, असं ती डिसेंबरात म्हणाली. म्हणून बाटली.

आता एक मागते. एकवीसला या. कुंकू लावून, मंगळसूत्र घालून, जमल्यास हिरव्या बांगड्या. बाटली तुमच्या हाताने द्या. सांगा, मी सुट्टीवर आले, ह्यांना रजा मिळाली नाही. चार तासांचं काम आहे. तुम्ही नाही म्हणालात तर ती विचारत राहील आणि मला पुढचं सुचेनासं झालंय.

तुमची,
शशी


इल्फर्ड,
रविवार, ८ एप्रिल

शशी,

चार दिवस मी घराबाहेर पडले नाही. मिसेस अख्तर दोनदा येऊन दार वाजवून गेली.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या कोथिंबिरीचाच धक्का बसला. इथे मी ह्यांचे शर्ट चॅरिटीच्या दुकानात द्यायचे की नाही ह्यावर दीड वर्ष अडले आहे, आणि तिकडे मी शांघायला खेकड्यांना कंटाळले आहे. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दुसरं काहीतरी दिसलं.

आईंना माहीतच नाही. तर मग माझं मोकळं कपाळ बघवणार नाही, असं कोण म्हणालं?

ते वाक्य मी रोज ऐकलं आहे, शशी. भांडी घासताना, लायब्ररीत, बसमध्ये. लग्न होऊन आले तेव्हा माझं शिक्षण आठवीपर्यंतच झालं होतं. आईंनी मला पेपर वाचायला बसवलं, अडलेल्या शब्दाला थांबल्या. त्याच बाईला माझं तोंड नको झालं, असं मी दीड वर्ष समजत होते. त्यांच्यावर रागावले होते. ह्यांच्या फोटोसमोर उभी राहून ह्यांच्या आईला बोलले होते. आणि त्या बिचाऱ्या मी चीनमध्ये सुखात आहे म्हणून हसत होत्या.

मी एकवीसला येते. जशी आहे तशी येते.

सुनेत्रा


नॉटिंगहॅम,
गुरुवार, १२ एप्रिल

वहिनी,

ते वाक्य माझं. तुम्ही आला असतात तर दारातच सगळं कळलं असतं. तुम्हाला कसं थांबवायचं हे मला दुसरं सुचलं नाही. हेच एक वाक्य ऐकून तुम्ही थांबाल हे मला माहीत होतं.

काल जीपीकडे जाऊन आले. तो म्हणाला, पेसमेकर हे काही चिलखत नाही. तेवढंच लिहिते. तुम्ही तशाच आलात आणि दारात तिला काही झालं, तर मी तुम्हाला दोष देणार नाही असं मला आज लिहिता येत नाही. माझ्याकडे आता ती एकच आहे.

कुंकू लावून या, नाहीतर येऊ नका.

शशी


इल्फर्ड,
सोमवार, १६ एप्रिल

शशी,

बाटली आज सकाळी रेकॉर्डेड पोस्टने पाठवली, लॅबच्या पत्त्यावर. कापूस तोच ठेवला आहे.

मी येत नाही. काल आरशासमोर उभी राहून करून पाहिलं. डबीतलं कुंकू सुकलं होतं, पाण्याचं बोट लावून ओलं केलं. बोट कपाळापर्यंत गेलं आणि मला माझाच इतका धक्का बसला की डबी बेसिनमध्ये पडली. बेसिन अजून लालसर आहे. हे मला जमायचं नाही. आणि तशीच येऊन त्यांच्या जिवाशी खेळणंही जमायचं नाही. तू बरोबर जागी बोट ठेवलंस.

वाढदिवसाला त्यांना माझा नमस्कार सांग. कुठून आला ते तूच ठरव.

सुनेत्रा


नॉटिंगहॅम,
गुरुवार, २६ एप्रिल

वहिनी,

कसे आभार मानू. सगळं छान पार पडलं.

आईने बाटली खिडकीशी नेली आणि भिंग लावून कितीतरी वेळ बघत होती. मिशांवरून, स्वेटरवरून बोट फिरवलं. मग उलटी केली आणि कावळ्यांकडे बघत राहिली. मी घाईने त्याचा अर्थ सांगितला, म्हातारी आई आणि भरवणारं पिल्लू. ती म्हणाली, "असं का. छान रीत आहे त्यांची." एवढंच. मी तर घामाघूम झाले होते. विचारलं, आवडली का, तर म्हणाली, पदूच आहे, हुबेहूब.

तपकीर मात्र त्यात भरू देत नाही, जुन्या डबीतच ठेवते. बाटली उशीजवळ असते. गोडही सोडलंय, वाढदिवसाच्या शिऱ्याचा घाससुद्धा घेतला नाही. जीपी खूश होईल. सोमवारी दादाचं पत्र वाचायला घेतलं तर म्हणाली, राहू दे, तू दमून येतेस. तेव्हा तेही जरा हलकं झालंय. आणि गंमत म्हणजे त्या चित्राने तिला कावळ्यांचं इतकं वेड लावलंय की रोज सकाळी पहिला भात काढून मागच्या भिंतीवर ठेवते आणि तो उचलला जाईपर्यंत दारात उभी असते. शेजारच्या मिस्टर हार्डीने पक्ष्यांच्या घाणीची तक्रार केली. म्हातारी बाई आहे, छंद लागलाय, म्हणून मी त्याला केक नेऊन दिला.

तुमच्याबद्दल विचारलं. म्हटलं, मजेत आहेत. ती म्हणाली, "असू दे."

बघा, उगाच घाबरत होतो आपण.

तुमची,
शशी


नॉटिंगहॅम,
१ मे २००७

चि. सुनेत्रा हिला लीलावतीचे आशीर्वाद.

अक्षर मोठं काढते आहे, ओळी वाकड्या जातील. भिंग धरून लिहिते. सकाळी कौन्सिलची बार्बरा येते अंघोळीला मदत करायला, ती हे पेटीत टाकेल. तू चीनला असलीस तर पत्र परत येईल आणि मला तेही कळेल. पण तू इल्फर्डलाच आहेस असं मी धरून चालले आहे. म्हणून पाकिटावर तुझ्या नावामागे काय लिहायचं ते नीट विचार करून लिहिलं.

पदू गेला हे मला माहीत आहे.

मी हॉस्पिटलातून आले त्याच आठवड्यात भाऊबीज होती. शशी संध्याकाळी ताट घेऊन मागच्या बागेत गेली. मी खिडकीतून बघत होते. चंद्र ढगात होता, तरी ती चंद्राला ओवाळत होती. भाऊ दूर असला तरी ओवाळतात, म्हणून मी गप्प राहिले. पण ओवाळून झाल्यावर ताट खाली ठेवून ती ओल्या गवतात बसली, आणि थंडीत बसूनच राहिली. मग पत्रं सुरू झाली. पदूने जन्मात मला चार ओळींच्या वर पत्र लिहिलं नाही. चीनला गेल्यावर दोन दोन पानं लिहायला लागला. मी म्हटलं, सुधारला असेल. आईला मानायचं असतं ते आई मानते.

बाटली हातात आली तेव्हा ते मानणंही संपलं. मुलगा चीनमध्ये असता तर चितारी त्याला समोर बसवून काढता. आठ वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात काढलेल्या फोटोवरून कशाला काढील? त्या मिशा त्याने कधीच्या काढल्या होत्या. तो स्वेटर कोपरावर फाटल्यावर मीच उसवला आणि त्याच्या लोकरीचा शशीला मफलर केला. चितारी बिचारा, त्याने नवा कोरा काढला. कावळ्यांचं शशीने सांगितलं, मी हो म्हटलं. भात मी त्या चित्रासाठी ठेवत नाही.

त्या बाटलीत मी तपकीर भरत नाही. झाकणाचा चमचा आतून त्याच्या गालाला लागेल.

माझी काळजी करू नकोस. शशी कामाला गेली की मी रडते आणि बार्बरा यायच्या आत तोंड धुते. हृदयाला काही झालेलं नाही. मला तू हवी आहेस. शुक्रवारी शशीचा दिवस मोठा असतो, सहापर्यंत येत नाही. शुक्रवारी ये, कपाळ आहे तसं घेऊन. आपण दोघी बसू.

पण शनिवारी परत ये, आणि तेव्हा कुंकू लावून ये. हे माझ्यासाठी नाही, शशीसाठी आहे. पंधरा दिवसांतून एकदा ती त्याच्या नावाने पत्र लिहायला बसते, तेवढा वेळ तो तिच्यापाशी असतो. मला माहीत आहे हे तिला कळलं तर तिचा भाऊ त्या दिवशी मरेल. तिचं लग्न नाही, मूल नाही, मी आज आहे उद्या नाही. ते मी तिच्याकडून काढून घेऊ का? तू शहाणी आहेस. माझं एवढं ऐक.

तुझी,
आई


इल्फर्ड,
शुक्रवार, ४ मे

ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र दारातच उघडलं. पाकिटावर श्रीमती वाचलं आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. इतके दिवस मला जे तुमच्याकडून हवं होतं ते त्या एका शब्दात आलं. तुम्हाला कळलं आहे हा आनंद म्हणायचा की काय म्हणायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आई, तुमचं एक ऐकते आणि एक ऐकत नाही.

येत्या शुक्रवारी येते. सेंट पँक्रसहून सकाळची गाडी आहे, बाराच्या आत पोचते. शनिवारी कुंकू लावणार नाही. मला ते जमत नाही हे मी करून पाहिलं आहे. पण जमलं असतं तरी लावलं नसतं. तुम्ही लिहिलंत, शशीला कळलं तर तिचा भाऊ त्या दिवशी मरेल. तो मेला आहे, आई. ती एकटीच त्याला पाठीवर घेऊन फिरते आहे. दहाव्याला ती थांबली नाही, कारण तुमच्या वॉर्डात तिला हसऱ्या तोंडाने जायचं होतं. मी तेव्हा मनात म्हटलं, बहीण असून दहा दिवस निघाले नाहीत हिला. ह्यांच्या माणसांना मी किती चुकीचं वाचलं.

माझ्याकडे निदान लोक आले. मिसेस अख्तर महिनाभर डाळ आणून देत होती. कंपनीतले आले, मराठी मंडळातले आले, कोणीतरी येऊन नुसतंच बसून गेलं. तुम्ही स्वतःशी रडून घेतलंत. शशीकडे कोणी गेलेलं नाही. जाणार कसं, तिच्या घरात कोणी मेलंच नव्हतं. तिने लोकांना केक नेऊन दिले.

तिला धक्का बसेल. मला बसला, तुम्हाला बसला, आपण दोघी आहोत अजून. तीही राहील. तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना आपण असू.

शुक्रवारी मी तुमच्याकडे येते आणि लगेच परत जात नाही. संध्याकाळी ती कामावरून आली की तुम्ही उठू नका, दार मी उघडीन. तिचा भाऊ गेला आहे. तिला भेटायला कोणीतरी आलेलं असायला हवं.

तुमची,
सुनेत्रा